वृद्धांचे पडणे आणि गुडघ्याखालील स्नायूंची दुर्बलता

घरातील वृद्ध माणूस चालता चालता पडला, म्हणजे आपण प्रथम बाहेरचे कारण शोधू लागतो. फरशी ओली होती, उंबरठा उंच होता, दिवा मंद होता, चष्म्याचा नंबर बदलला होता, असे काहीतरी सापडते आणि चौकशी तेथेच थांबते. बाहेरचे कारण न सापडल्यास 'आता वय झाले' एवढ्या तीन शब्दांत प्रकरण मिटविले जाते. पहिल्या उत्तरात पुष्कळदा तथ्य असते. दुसऱ्यात मात्र कारणाचा शोध कमी व मनाची समजूत अधिक असते. कारण त्याच वयाचे व त्याच फरशीवरून रोज ये-जा करणारे दुसरे माणूस पडत नाही. मग या दोघांत फरक कशाचा?

या प्रश्नास एकच एक उत्तर नाही. दृष्टी, अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय, उभे राहताच उतरणारा रक्तदाब, झोपेची औषधे या सर्वांचा त्यात वाटा असतो. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच अंगाचा, म्हणजे गुडघ्याखालील स्नायूंच्या दुर्बलतेचा, विचार करावयाचा आहे. ही दुर्बलता कोठून येते, ती पडण्याचे कारण असते की परिणाम, आणि 'वय' या एका शब्दाखाली कोणती निरनिराळी कारणे झाकली जातात, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू होय.

गुडघ्याखालील स्नायूंचे कार्य

गुडघ्याखाली स्नायूंचे दोन प्रमुख गट आहेत. नडगीच्या पुढच्या बाजूचा गट पाऊल वर उचलतो. त्यातील मुख्य स्नायूस शरीररचनाशास्त्रात टिबिआलिस अँटीरिअर असे नाव आहे. सोयीसाठी आपण त्यास नडगीचा स्नायू म्हणू. मागचा गट म्हणजे पोटरी. ती टाच उचलते आणि पावलाने जमीन मागे रेटून शरीर पुढे ढकलते.

चालताना एक पाय जमिनीवर टेकलेला असतो व दुसरा अधांतरी पुढे येत असतो. या पुढे येणाऱ्या पायाचा चवडा जमिनीपासून किती उंचीवरून जातो, याची मोजणी झालेली आहे. हे अंतर सर्वांत कमी असते त्या क्षणी ते अवघे एक ते दोन सेंटिमीटर भरते. कंबर व गुडघा वाकल्यामुळे पाय वर उचलला जातो हे खरे. परंतु नडगीच्या स्नायूने पाऊल वेळेवर वर धरले नाही, तर ही बोटभर मोकळीकही उरत नाही. मग सतरंजीची कड किंवा फरशीचा किंचित वर आलेला सांधा पाय अडखळण्यास पुरेसा होतो. उंबरठ्याला आपण दोष देतो, पण तो कित्येक वर्षे तेथेच व तेवढाच उंच असतो. कमी झालेली असते ती पावलाची उंची.

या स्नायूंचे दुसरे कार्य त्याहूनही कमी लक्षात येणारे आहे. माणूस स्वस्थ उभा दिसतो तेव्हाही त्याचे शरीर सतत किंचित मागेपुढे झुलत असते. शरीर पुढे कलले की पोटरी आवळते, मागे कलले की नडगीचा स्नायू आवळतो. फे होराक व लुईस नॅशनर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, माणूस सपाट व रुंद आधारावर उभा असताना आधार किंचित हलविला, तर तोल सावरण्याची क्रिया प्रथम घोट्यापासून सुरू होऊन वर जाते, असे दिसून आले. म्हणजे तोल सावरण्याच्या कामात पहिली हाक घोट्याच्या स्नायूंना असते. धक्का मोठा असल्यास पाऊल टाकूनच सावरावे लागते. तथापि ते पाऊल टाकण्यासही हेच स्नायू लागतात.

पडणाऱ्यांत दुर्बलता खरोखर आढळते काय?

अमेरिकेतील व्हिपल, वुल्फसन व अॅमरमन या संशोधकांनी शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांची तपासणी करून १९८७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी पूर्वी पडलेल्यांची तुलना समवयस्क अशा न पडलेल्यांशी केली आणि गुडघ्याचे व घोट्याचे बळ यंत्राने मोजले. पडलेल्यांत दोन्ही सांध्यांचे बळ कमी होते. परंतु सर्वांत मोठा फरक घोट्यात, विशेषतः पाऊल झपाट्याने वर उचलण्याच्या क्रियेत, दिसून आला.

येथे एक शंका उपस्थित होते व ती रास्त आहे. पडलेल्या माणसाची मोजणी पडल्यानंतर केलेली असेल, तर दुर्बलता आधीची की नंतरची, हे कसे ठरवावयाचे? याचे उत्तर, माणसांची आधी मोजणी करून पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासांतूनच मिळू शकते. मोरलँड व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली अशा अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले. ज्यांचे पाय आधीच दुर्बल होते त्यांच्यात पुढे पडण्याची शक्यता सुमारे पावणेदोन पट, आणि वारंवार पडण्याची सुमारे तीन पट असल्याचे त्यात आढळले. तेव्हा दुर्बलता ही पडण्याच्या आधी असते, असे म्हणावयास आधार आहे. ती पडण्यानंतर आणखी वाढते, ही गोष्ट वेगळी. तिचा विचार पुढे येईल.

बळ आणि शक्ती यांतील भेदही येथेच स्पष्ट केला पाहिजे. बळ म्हणजे स्नायू किती जोर लावू शकतो. शक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने लावू शकतो. तोल गेल्यापासून जमिनीवर आदळेपर्यंत माणसाला सुमारे एका सेकंदाचाच अवधी मिळतो. तेवढ्यात उपयोगी पडते ती शक्ती होय. सावकाश जोर लावून जड वस्तू उचलणारा वृद्धही याच कारणाने पडू शकतो. डॉन स्केल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ६५ ते ८९ वर्षांच्या निरोगी स्त्रीपुरुषांची मोजणी केली. तीत स्नायूंचे बळ वर्षाला सुमारे एक ते दोन टक्के, तर पायाची शक्ती सुमारे साडेतीन टक्के या प्रमाणात घटत असल्याचे दिसले. वेग हा बळाच्या आधी जातो.

वयाचा खरा वाटा

आता कारणांकडे वळू. स्नायू स्वतःहून आवळत नाही. मेंदूतून निघालेली आज्ञा मज्जारज्जूतून खाली येते. तेथील प्रेरक मज्जापेशी ती आपल्या लांब तंतूमार्गे स्नायूपर्यंत पोचविते. एक प्रेरक पेशी व तिच्या ताब्यातील स्नायुतंतू मिळून एक प्रेरक घटक बनतो. या मार्गावर कोठेही बिघाड झाला, तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच, ते म्हणजे पायाची दुर्बलता.

वयाचा पहिला आघात प्रेरक पेशींवर होतो. टॉमलिन्सन व अर्व्हिंग यांनी १९७७ साली मृत व्यक्तींच्या मज्जारज्जूतील, पायांना आज्ञा देणाऱ्या पेशी मोजल्या. साठीपर्यंत त्यांच्या संख्येत घट दिसली नाही. त्यानंतर ती कमी होत गेली आणि काही वृद्धांत ती तरुणांच्या निम्म्यावर आलेली होती. कॅनडातील मॅकनील व सहकाऱ्यांनी २००५ साली हाच प्रश्न जिवंत माणसांच्या नडगीच्या स्नायूत तपासला. प्रेरक घटकांची अंदाजी संख्या पंचविशीच्या आसपासच्या पुरुषांत सुमारे १५०, पासष्टीच्या आसपास सुमारे ९०, आणि ऐंशी उलटलेल्यांत सुमारे ६० अशी भरली.

या आकड्यांपेक्षाही त्या अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक उद्बोधक आहे. पासष्टीच्या पुरुषांत घटकांची संख्या एवढी कमी होऊनही त्यांचे बळ तरुणांच्या बरोबरीचे होते; बळ घटलेले दिसले ते ऐंशी उलटलेल्यांत. याचे कारण असे की, एक प्रेरक पेशी नाहीशी झाली म्हणजे तिचे पोरके झालेले काही स्नायुतंतू शेजारची पेशी आपल्या ताब्यात घेते. अशा रीतीने तूट पुष्कळ वर्षे भरून निघते व माणसास तिची जाणीवही होत नाही. राखीव साठा संपला म्हणजे मात्र दुर्बलता थोड्या अवधीत उघड होते. 'परवापर्यंत आजोबा चांगले चालत होते' असे घरचे लोक म्हणतात ते खोटे नसते. पण या परवाच्या मागे वीस वर्षांची तयारी असते.

दुसरा आघात स्नायुतंतूंवर होतो. स्वीडनमधील लेक्सेल व सहकाऱ्यांनी १९८८ साली १५ ते ८३ वर्षांच्या पुरुषांच्या मांडीतील एका संपूर्ण स्नायूचे छेद तपासले. विशीपासून ऐंशीपर्यंत स्नायूचे आकारमान सुमारे ४० टक्क्यांनी घटते. त्यास मुख्यतः तंतूंची घटलेली संख्या कारण असते, आणि उरलेल्या तंतूंपैकी जलद आवळणारे तंतू बारीक होतात, असे त्यात दिसले. जलद तंतू क्षीण झाले की वेग जातो. पडताना सावरण्यास हवा असतो तो वेगच. वयोमानाने होणाऱ्या या क्षयास आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली 'सार्कोपेनिया' हे नाव सुचविले.

वयाचा वाटा आहे तो हा. तो मोठा आहे, परंतु तो सर्वांच्या वाट्यास कमीअधिक येतो. म्हणून एकाच वयाच्या दोघांपैकी एकच का पडतो, याचे संपूर्ण उत्तर त्यात सापडत नाही. ते शोधण्यासाठी वयावर भर घालणारी इतर कारणे पाहिली पाहिजेत.

मज्जातंतूंचे विकार

शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू कमरेपासून पावलापर्यंत जातात. ज्या विकारांत सर्व मज्जातंतूंचे पोषण बिघडते, त्यांत सर्वांत लांब तंतू प्रथम निकामी होतात. म्हणूनच अशा विकारांचा प्रारंभ पायाच्या बोटांपासून होतो व मग तो नडगी व पोटरीकडे सरकतो. मधुमेह हे याचे सर्वांत परिचित कारण होय. त्यात बधिरता आधी येते व दुर्बलता मागाहून. पायातली चप्पल चालताना निसटली तरी कळत नाही, ही तक्रार किरकोळ समजू नये. पावलाची संवेदना व पकड कमी झाल्याची ती खूण असू शकते.

दुसरे कारण म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारात जवळजवळ नसतेच. ते दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. पुण्यातील याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन निरोगी पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ चे रक्तातील प्रमाण कमी आढळले. हे सर्व पुरुष मध्यमवयीन होते हे खरे; पण म्हातारपणी जठरातील आम्ल कमी होऊन हे जीवनसत्त्व अन्नातून शोषून घेणे अधिकच कठीण होते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यानेही त्याचे प्रमाण घटते. तेव्हा शाकाहारी, मधुमेही व हे औषध अनेक वर्षे घेणाऱ्या वृद्धाच्या पायांत तीन कारणे एकत्र आलेली असू शकतात, आणि त्यांपैकी एक साध्या उपचाराने दूर होण्याजोगे असते. अतिमद्यपान हे याच जातीचे आणखी एक कारण होय.

काही विकार एकाच मज्जातंतूपुरते असतात. नडगीच्या स्नायूकडे जाणारा तंतू गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास, पायाच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून जातो. तेथे तो कातडीच्या अगदी खाली असतो. बराच वेळ उकिडवे बसणे, पायावर पाय टाकून बसणे, आजारपणात एका कुशीवर पडून राहणे किंवा घट्ट प्लॅस्टर यांमुळे तो दाबला जातो. आजाराने वजन झपाट्याने उतरले, म्हणजे त्याच्याभोवतीची चरबीची गादी नाहीशी होते व धोका वाढतो. पाऊल लोंबणे व चालताना ते फटकन् जमिनीवर आपटणे, ही या दाबाची लक्षणे होत.

हाच तंतू ज्या मुळांपासून बनतो ती कमरेच्या मणक्यांतून बाहेर पडतात. सरकलेली चकती किंवा वयामुळे अरुंद झालेली मणक्यातील नलिका यांच्या दाबानेही नडगीचा स्नायू दुर्बल होतो. नलिका अरुंद झालेल्या माणसास थोडे चालल्यावर पाय जड वाटतात, आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो.

मेंदू व मज्जारज्जूचे विकार

आज्ञाच नीट निघाली नाही, तर स्नायू व मज्जातंतू शाबूत असूनही पाऊल उचलत नाही. पक्षाघाताचा सौम्य झटका पुष्कळदा लक्षातही येत नाही. मागे उरते ती एका पायाची फरफट. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला गेल्यास दोन्ही पाय ताठर व दुर्बल होतात, आणि मान मुळीच न दुखल्यामुळे कारण वर असेल अशी शंकाही येत नाही. कंपवातात पाऊल खुरडत पडते. तेथे बळापेक्षा हालचालीचा आवाका व आरंभ यांत दोष असतो. एक पाय किंवा एक बाजू अचानक दुर्बल झाली, तर मात्र वाट न पाहता रुग्णास त्वरित रुग्णालयात नेले पाहिजे.

आहार, औषधे आणि विश्रांती

स्नायू प्रथिनांचा बनलेला आहे. म्हातारपणी भूक मंदावते, दात जातात, आणि चहा, पोळी, मऊ भात यांवर दिवस निघतो. युरोपीय तज्ज्ञांच्या पुढाकाराने नेमलेल्या एका गटाने २०१३ साली, निरोगी वृद्धांनी दररोज शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, अशी शिफारस केली. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यांच्या सल्ल्यानेच हे प्रमाण ठरवावे.

ड जीवनसत्त्वाची तीव्र उणीव, अवटुग्रंथीचे मांद्य व स्टेरॉइड औषधांचा दीर्घ वापर यांचा भार मुख्यतः मांडी व कमरेच्या स्नायूंवर पडतो. जमिनीवरून उठताना हात टेकावे लागणे हे त्याचे चिन्ह होय. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण दुर्बलता वर आहे की खाली, यावरून कारणाची दिशा कळते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटूनही सर्वांगाचे स्नायू शिथिल पडतात.

तथापि सर्वांत व्यापक व सर्वांत दुर्लक्षित असे कारण निराळेच आहे. ते म्हणजे विश्रांती. कोर्टेबाइन व सहकाऱ्यांनी अमेरिकेत निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, त्या दहा दिवसांत पायांतील सुमारे एक किलोग्रॅम मांसल भाग नाहीसा झाला व गुडघ्याचे बळ सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरले. हे लोक आजारी नव्हते, त्यांना पुरेसे अन्न मिळत होते. केवळ पडून राहण्याचा हा परिणाम होता.

पडणे हेच पुढील पडण्याचे कारण

आता मघाची गोष्ट पुन्हा हाती घेऊ. मेरी टिनेटी व सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरी राहणाऱ्या ७५ वर्षांवरील ३३६ व्यक्तींपैकी ३२ टक्के व्यक्ती एका वर्षात निदान एकदा पडल्या. त्यांतील बहुतेकांना गंभीर दुखापत झाली नाही. परंतु दुखापत न होताही पडण्याचे भय मनात बसते. घरचे लोक प्रेमापोटी म्हणतात, 'आई, आता तुम्ही उठू नका, पाणी आम्ही आणून देऊ.' आईंचे देवळात जाणे थांबते, मग अंगणात जाणे थांबते, आणि शेवटी खाट व न्हाणीघर एवढेच चालणे उरते. दहा दिवसांच्या विश्रांतीने निरोग्यांचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. येथे ती विश्रांती महिनोन्महिने चालते. पुढच्या वेळी त्या पडतात तेव्हा 'उठू नका म्हणून सांगितले होते' असे घरचे म्हणतात. वस्तुतः न उठणे हेच या दुसऱ्या पडण्याचे एक कारण झालेले असते.

कारण कसे ओळखावे?

प्राथमिक परीक्षेस मोठी साधने लागत नाहीत. भिंतीजवळ, शेजारी कोणी उभे असताना, वृद्धास टाचांवर चार पावले चालावयास सांगितले, तर नडगीच्या स्नायूची परीक्षा होते. एका पायावर उभे राहून टाच उचलावयास सांगितले, तर पोटरीची. पोटरीची परीक्षा हाताने दाबून करणे फसवे असते. जो स्नायू सबंध शरीराचा भार उचलतो, तो अर्धा क्षीण झाला तरी परीक्षकाच्या हातास सहज हटवितो.

दुर्बलता आढळल्यास चार प्रश्न विचारावेत. एका पायात आहे की दोन्ही? अचानक आली की हळूहळू? पावलाकडे अधिक आहे की मांडीकडे? बधिरता सोबत आहे की नाही? एकाच पायातील दुर्बलता बहुधा मेंदू, मणका किंवा गुडघ्याजवळील दाब यांकडे बोट दाखविते. दोन्ही पावलांतील, बधिरतेसह हळूहळू वाढलेली दुर्बलता मधुमेह व ब-१२ यांकडे पाहावयास सांगते. ताठर पाय मज्जारज्जू व मेंदूची तपासणी मागतात. यांपैकी काहीच नसेल, तरच वय व निष्क्रियता यांवर दोष ठेवावा; आणि तो ठेवतानाही निष्क्रियता ही सुधारता येते, हे विसरू नये.

उपायाची शक्यता

कारण सापडल्यास त्याचा उपचार करावयाचा, हे उघड आहे. परंतु ज्या भागावर थेट उपचार नाही, त्याबाबतही निराश होण्याचे कारण नाही. मारिया फियाटारोन व सहकाऱ्यांनी १९९० साली शुश्रूषागृहातील दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे वजन उचलण्याचा पायाचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय नव्वद होते. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला त्यांचे गुडघ्याचे बळ सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले. नाहीशा झालेल्या प्रेरक पेशी परत येत नाहीत. पण उरलेल्या स्नायूची क्षमता नव्वदाव्या वर्षीही वाढू शकते. शेरिंग्टन व सहकाऱ्यांनी २०१९ साली व्यायामाच्या १०८ नियंत्रित चाचण्यांचे परीक्षण केले. त्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले, आणि तोल सांभाळण्याचा व रोजच्या हालचालींचा व्यायाम विशेष उपयुक्त ठरला.

औषध अधिक घेतले म्हणजे गुण अधिक येतो, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीवरील २,००० हून अधिक स्त्रियांवर केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ड जीवनसत्त्वाची वर्षातून एकदाच फार मोठी मात्रा घेणाऱ्या स्त्रिया न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा पडल्या. उणीव मोजून भरून काढावी, अंदाजाने नव्हे.

सारांश, पडणाऱ्या वृद्धाच्या पायातील दुर्बलता ही एका कारणाची नसते. वयाने आतला राखीव साठा हळूहळू रिकामा केलेला असतो. त्यावर कोठे मधुमेह, कोठे ब-१२ ची उणीव, कोठे दबलेला मज्जातंतू, आणि जवळजवळ सर्वत्र अंथरुणातील दिवस भर घालतात. यांपैकी वय तेवढे बदलता येत नाही. बाकीची कारणे शोधता येतात व त्यांतील पुष्कळ दूरही करता येतात. परंतु 'वय झाले' असे म्हणून चौकशी थांबविली, तर तीही वयाइतकीच अटळ होऊन बसतात.